मातीविना शेतीला सेंद्रिय खुराक : पहिल्या ड्रमपासून पहिल्या काढणीपर्यंत

हायड्रोपोनिक्सची, म्हणजे मातीविना पाण्यावर पीक घेण्याची, पाइपची मांडणी घरी आणली, रोपे लावली आणि तयार रासायनिक द्रावणाऐवजी टाकीत गाळलेले जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ व बेसन यांचे मिश्रण) किंवा गांडूळखताचे पाणी सोडले, तर बहुतेक वेळा काही दिवसांतच टाकीला वास सुटतो, पाण्यावर फेस धरतो, मुळे तपकिरी व बुळबुळीत होतात आणि रोपे भर पाण्यात उभी असूनही माना टाकतात. यात जीवामृताचा दोष नसतो आणि मांडणीचाही नसतो. जमिनीत जे काम मातीतले जिवाणू करतात, ते करणारे नव्या कोऱ्या टाकीत कोणीच नसते, एवढीच अडचण असते. ती कशी सोडवायची, हे पालक, लेट्यूस, तुळस यांसारख्या पालेभाज्यांची लहान मांडणी डोळ्यांसमोर ठेवून येथे सांगितले आहे.

सर्वात आधी नत्राचे गणित समजून घ्यावे लागते. पिकाची मुळे नत्र मुख्यतः नायट्रेटच्या आणि काही प्रमाणात अमोनियमच्या रूपात घेतात. पेंड, मासळी किंवा शेण यांतील नत्राचा मोठा भाग मात्र प्रथिनांत अडकलेला असतो. एक प्रकारचे जिवाणू ही प्रथिने फोडून अमोनिया तयार करतात, नायट्रोसोमोनास गटातील जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, आणि नायट्रोबॅक्टर व नायट्रोस्पायरा गटातील जिवाणू त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात; अमोनियापासून नायट्रेटपर्यंतच्या या बदलाला नत्रीकरण म्हणतात. मधल्या दोन्ही पायऱ्या, म्हणजे अमोनिया आणि नायट्राइट, जास्त प्रमाणात साठल्या तर मुळांना घातक ठरतात. म्हणून ही साखळी पूर्ण चालू होण्याआधी रोपे लावायची नाहीत. २०११ साली जपानमधील माकोतो शिनोहारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झाडांच्या सालींच्या कंपोस्टमधले जिवाणू पाण्यात सोडून, मासळीपासून आणि मक्याच्या स्टार्च उद्योगातून मिळणारे सेंद्रिय खत त्यात थोडे थोडे घालत गेल्यास पाण्यातच नायट्रेट तयार होते, हे दाखवून दिले. पुढे दिलेली पद्धत याच तत्त्वावर उभी आहे. फरक एवढाच की साहित्य आपल्याकडच्या बाजारात मिळणारे आहे.

या सगळ्यात निर्णायक गोष्ट खत नसून प्राणवायू आहे, आणि ही बाब आकड्यांतूनच नीट कळते. शंभर लिटर पाण्यात नत्राचे प्रमाण लिटरला शंभर मिलिग्रॅम हवे असेल, तर एकूण दहा ग्रॅम नत्र लागेल. अमोनियाच्या रूपातील एक ग्रॅम नत्राचे नायट्रेट करण्यासाठी सुमारे ४.५७ ग्रॅम ऑक्सिजन खर्च होतो, म्हणजे दहा ग्रॅमसाठी जवळजवळ ४६ ग्रॅम. आता २५ अंश सेल्सिअसला पूर्ण संपृक्त पाण्यात लिटरमागे सुमारे ८.२ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला असतो. शंभर लिटरमध्ये तो एक ग्रॅमसुद्धा भरत नाही. त्यातच पेंडेतील कर्ब जाळायला लागणारा ऑक्सिजन वेगळा, आणि तो नत्रीकरणाला लागतो त्याच्या कितीतरी पट असतो. पूर्ण मात्रा एकदम ओतली की टाकी काही तासांत गुदमरते आणि कुजण्याचा वास येऊ लागतो, त्याचे कारण हे आहे. म्हणून सेंद्रिय हायड्रोपोनिक्समध्ये खताची मात्रा पिकाच्या भुकेवर ठरत नाही. टाकीत हवा किती मिसळते, यावर ती ठरते.

मांडणी कोणती निवडावी

अरुंद पाइपमधून पाण्याचा पातळ थर वाहणारी एनएफटी पद्धत दिसायला देखणी असली, तरी सेंद्रिय द्रावणासाठी नवशिक्याने ती टाळावी. द्रावणातील बारीक गाळ आणि जिवाणूंचा चिकट थर पाइपच्या वळणांत, ठिबकच्या तोट्यांत आणि पंपाच्या जाळीत अडकतो, आणि जिवाणूंना चिकटून राहायला लागणारा पृष्ठभागही तेथे फारच कमी मिळतो. त्याऐवजी भाजलेल्या मातीच्या गोळ्या किंवा धुतलेली बारीक खडी भरलेला वाफा घ्यावा, ज्यात पंपाने पाणी चढते आणि पुन्हा खाली टाकीत उतरते. पाणी उतरताना वाफ्यात हवा ओढली जाते आणि प्रत्येक गोळीवर जिवाणूंची वस्ती वाढते. वाफा एकाच वेळी रोपांचा आधार आणि पाण्याचे गाळणे होतो. कोकोपीट वापरायचे असेल तर ते दोन-तीन पाण्यांत धुऊन घ्यावे, कारण नारळाच्या भुश्शात बऱ्याचदा सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार असतात.

एका लहान मांडणीला दोन टाक्या लागतात. पहिली शंभर लिटरची, खत मुरवण्याची; दुसरी वाफ्याखालची, रोपांना पाणी पुरवणारी. दोन्हींना झाकण हवे आणि आत उजेड जाता कामा नये, नाहीतर शेवाळ वाढून आपण तयार केलेले नायट्रेट तेच खाऊन टाकेल. निळे प्लॅस्टिकचे ड्रम वापरत असाल तर त्यांत आधी कोणते रसायन होते, याची खात्री करूनच ते घ्यावेत. झाकणाला हवेसाठी भोके ठेवली तर त्यांवर डासांची जाळी लावावी. उघडे ड्रम गच्चीवर ठेवणे म्हणजे डेंग्यूच्या डासांना आमंत्रण देणे होय, आणि पालिकेचे तपासनीस आले तर झाकण उघडून दाखवावेच लागते.

हवेसाठी मत्स्यपालनाच्या दुकानात मिळणारा एअर पंप आणि हवेचे बारीक बुडबुडे सोडणारा एअर स्टोन पुरतात. शंभर लिटरला मिनिटाला आठ-दहा लिटर हवा देणारा पंप असावा. वीज जाणाऱ्या भागात बॅटरीवर चालणारा एक लहान पंप हाताशी ठेवावा, किंवा पंप इन्व्हर्टरला जोडावा. उन्हाळ्यात चार-पाच तास हवा बंद राहिली तरी टाकी आंबू शकते. यावर केलेला खर्च महागड्या द्रव सेंद्रिय खतावरच्या खर्चापेक्षा कितीतरी अधिक उपयोगी पडतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाणी

नळाच्या पाण्यातील क्लोरीन नत्रीकरण करणाऱ्या जिवाणूंना मारतो. असे पाणी एअर स्टोन चालू ठेवून एक दिवस उघड्या भांड्यात ठेवले की क्लोरीन निघून जातो. बोअरचे पाणी वापरण्यापूर्वी त्याची ईसी, म्हणजे विरघळलेल्या क्षारांमुळे येणारी विद्युतवाहकता, तपासावी. ती मुळातच प्रति सेंटिमीटर एक मिलिसीमेन्सच्या वर असेल, तर आपण घातलेल्या अन्नद्रव्यांना फारशी जागा उरत नाही आणि सोडियम साठत जातो. अशा ठिकाणी साठवलेले पावसाचे पाणी अर्धे मिसळणे हा स्वस्त उपाय आहे.

काय घालावे, काय घालू नये

नवशिक्यासाठी शेंगदाण्याची पेंड सर्वात सोयीची आहे. तिच्यात साधारण सात टक्के नत्र असते, ती तालुक्याच्या गावातही मिळते आणि तिचा वास सुसह्य असतो. लाकडी घाण्याच्या पेंडीत तेल बरेच उरते आणि त्याचा तवंग पाण्यावर पसरून हवा मिसळायला अडथळा होतो, म्हणून कमी तेलाची पेंड घ्यावी. बुरशी लागलेली, काळपट पेंड फुकट मिळाली तरी घेऊ नये. बायोगॅसची चांगली पचलेली स्लरी हा दुसरा पर्याय आहे. तिच्यातील नत्राचा बराचसा भाग आधीच अमोनियमच्या रूपात असल्याने काम लवकर होते, पण ती फडक्यातून दोनदा गाळावी लागते आणि कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पाल्यासाठी ती मी सुचवणार नाही. हाच नियम ताज्या शेणाला आणि गोमूत्र-शेणाच्या कोणत्याही ताज्या मिश्रणाला लागू आहे, कारण शेणातील रोगकारक जिवाणू द्रावणातून हातांवर आणि पानांवर सहज येतात.

जीवामृत जमिनीत उत्तम काम करते, परंतु त्यातील गूळ आणि बेसन हे टाकीत भराभर वाढणाऱ्या जिवाणूंचे खाद्य होते. ते जिवाणू ऑक्सिजन तर संपवतातच, शिवाय उपलब्ध नत्रही स्वतःच्या पेशींत बांधून ठेवतात. त्यामुळे मुरवण्याच्या टाकीत गूळ घालू नये. कडुनिंबाची पेंडही वर्ज्य समजावी. ती नत्रीकरणाचा वेग कमी करते. युरियाला निंबोळी तेलाचे आवरण देण्यामागेही हेच कारण आहे. शेतात हा गुण असतो, आपल्या टाकीत तो अडथळा होतो.

टाकी मुरवणे

शंभर लिटर क्लोरीनविरहित पाणी भरून हवा चालू करावी. पूर्ण कुजलेले, मातीसारखा वास येणारे कंपोस्ट किंवा गांडूळखत सुमारे अर्धा किलो घेऊन मलमलच्या फडक्यात सैल बांधावे आणि एअर स्टोनच्या वर लटकवावे. हे विरजण आहे. त्यातून खत मिळावे अशी अपेक्षा नाही, जिवाणू मिळावेत एवढीच आहे. ओळखीच्या कोणाकडे जुनी चालती ॲक्वापोनिक्सची (एकाच पाण्यावर मासे आणि रोपे वाढवण्याची) टाकी किंवा माशांचे टँक असेल, तर त्याच्या फिल्टरमधले थोडे माध्यम आणले तर काम आणखी लवकर होते. जिवाणूंना चिकटायला पृष्ठभाग म्हणून टाकीत भाजलेल्या मातीच्या गोळ्यांची एक जाळीदार पिशवीही सोडावी.

दुसऱ्या दिवसापासून रोज दहा ग्रॅम बारीक भरडलेली पेंड रात्रभर थोड्या पाण्यात भिजवून, दुसऱ्या लहान फडक्यात बांधून टाकीत सोडावी. चौदा दिवसांत १४० ग्रॅम पेंड, म्हणजे जवळपास दहा ग्रॅम नत्र टाकीत जाते. यातले सगळे नत्र नायट्रेट होत नाही. काही गाळात राहते, काही जिवाणूंच्या शरीरात जाते. एखाद्या सकाळी टाकीला सडक्या अंड्यांचा वास आला, तर त्या दिवशी पेंड घालू नये, जुनी फडकी बाहेर काढावीत, हवा वाढवावी आणि वास पूर्ण गेल्यावरच निम्म्या मात्रेने पुन्हा सुरुवात करावी. चांगल्या टाकीला पावसाळी जमिनीचा वास येतो. सुरुवातीच्या काही दिवसांतला थोडा फेस मात्र स्वाभाविक आहे.

माशांच्या टाकीसाठी मिळणारे अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेटचे तपासणी संच विकत घ्यावेत आणि एक दिवसाआड नोंद ठेवावी. आधी अमोनिया वर चढतो, मग तो उतरू लागतो तसे नायट्राइट चढते, आणि शेवटी दोन्ही शून्याजवळ येऊन नायट्रेट वाढत राहते. पाणी २५ ते ३० अंशांच्या दरम्यान असेल तर याला साधारण दोन ते तीन आठवडे लागतात. नाशिक-पुण्याच्या थंडीत रात्रीचे पाणी गार पडते आणि सगळे लांबते. संच वाचताना एक गफलत हमखास होते. संचावरचा आकडा संपूर्ण नायट्रेटचा असतो, तर खताचे तक्ते नायट्रेटमधल्या नत्राचा आकडा देतात, दोघांत ४.४३ पटींचा फरक आहे. नत्र लिटरला ५० मिलिग्रॅम असेल तर संच सुमारे २२० दाखवेल. रंगपट्टी तेवढ्या वर जात नसल्यास एक भाग द्रावणात चार भाग डिस्टिल्ड वॉटर मिसळून तपासावे आणि आलेल्या आकड्याला पाचने गुणावे.

ईसी मीटरवर या काळात विसंबू नये. मीटर फक्त विरघळलेले आयन मोजतो. प्रथिनांतले, अजून न फुटलेले नत्र त्याला दिसतच नाही. त्यामुळे पेंड घातल्यावर ईसी फारशी हलत नाही आणि नवशिका मात्रा वाढवत सुटतो. ईसी हळूहळू चढणे ही मुरण्याची खूण आहे, इतकाच तिचा अर्थ घ्यावा.

सामू आणि कॅल्शियम

सेंद्रिय नत्राचे नायट्रेट होताना आम्ल तयार होते आणि सामू (पीएच) घसरतो. तो ६ च्या खाली फार गेला तर नत्रीकरण करणारे जिवाणू मंदावतात, आणि ७ च्या वर गेला तर पिकाला लोह व स्फुरद मिळेनासे होते; जिवाणूंना प्रत्यक्षात ७ च्या वरचाच सामू आवडतो, पिकाला मात्र ६ च्या आसपासचा. म्हणून ६.२ ते ६.८ ही तडजोड ठेवावी. त्यासाठी बाटलीतले रसायन ओतत बसण्यापेक्षा धुतलेल्या शिंपल्यांचा किंवा कुस्करलेल्या अंड्यांच्या टरफलांचा चुरा जाळीच्या पिशवीत भरून टाकीत लटकवावा. नत्रीकरणातून निघणारे आम्ल त्यातील चुनखडी विरघळवते, सामू आपोआप सावरतो, आणि वर कॅल्शियम मिळते ते वेगळेच. प्रथिनांपासून नायट्रेटपर्यंतच्या पूर्ण प्रवासात एक ग्रॅम नत्रामागे सुमारे साडेतीन ग्रॅम चुनखडी खर्च होते. दहा ग्रॅम नत्रामागे ३५ ग्रॅमच्या आसपास चुनखडी विरघळली, तर शंभर लिटरमध्ये लिटरला सुमारे १४० मिलिग्रॅम कॅल्शियम येते, आणि पालेभाजीला तेवढे पुरेसे आहे. बोअरचे पाणी जड असेल तर ते आपल्यासोबत चुना घेऊनच येते; तेथे सामू आधी पाहावा आणि गरज पडली तरच पिशवी सोडावी.

उरलेली अन्नद्रव्ये

पेंडेत नत्राच्या मानाने पालाश (पोटॅशियम) फारच कमी असते, आणि पालेभाज्या पालाश भरपूर उचलतात. शंभर लिटरला २५ ग्रॅम सल्फेट ऑफ पोटॅश घातल्यास पालाशाचे मूलद्रव्य लिटरला सुमारे शंभर मिलिग्रॅम होते. लाकडाची राख भिजवून तिचे निवळलेले पाणी वापरता येते, पण ते अतिशय अल्कधर्मी असते; थोडे थोडे घालून प्रत्येक वेळी सामू पाहावा. मॅग्नेशियमसाठी एप्सम सॉल्ट ३० ग्रॅम पुरते. लोहासाठी एक ग्रॅम हिराकस तेवढ्याच लिंबूसत्त्वासोबत पाण्यात विरघळवून घालावी आणि टाकी उजेडापासून झाकलेली ठेवावी. यांपैकी काही वस्तू खनिज आहेत, हे खरे आहे. ज्यांना प्रमाणपत्राच्या कडक नियमांनी चालायचे आहे, त्यांनी वस्तूचा उगम तपासावा. घरच्या भाजीसाठी माझा त्याला आक्षेप नाही.

रोपे लावणे आणि रोजचा क्रम

अमोनिया आणि नायट्राइट सलग तीन-चार दिवस शून्याजवळ राहिले की मुरलेले द्रावण फडक्यातून गाळून खालच्या टाकीत घ्यावे, निम्मे साधे पाणी मिसळावे आणि वाफ्यातून एक-दोन दिवस फिरवून मगच रोपे लावावीत. पहिली लागवड पालक, लेट्यूस, तुळस किंवा पुदिन्याचीच करावी. टोमॅटो आणि ढोबळी मिरची फळांवर आली की त्यांची पालाशाची मागणी झपाट्याने वाढते आणि नवशिक्याला ती सेंद्रिय स्रोतांतून भागवणे जड जाते.

मुरवण्याची टाकी रिकामी करायची नाही. तिच्यात तळाशी एक-तृतीयांश द्रावण आणि सर्व गोळ्या ठेवून पुन्हा पाणी भरावे आणि रोजची पेंड चालू ठेवावी. आता जिवाणू स्थिरावलेले असल्याने पुढची खेप लवकर तयार होते. खालच्या टाकीत रोज तीन गोष्टी पाहाव्यात: वास, पाण्याचे तापमान आणि मुळांचा रंग. पाणी तीस अंशांच्या वर गेले तर ड्रमभोवती ओले गोणपाट गुंडाळावे. सेंद्रिय द्रावणात मुळे पांढरीशुभ्र न राहता फिकट पिवळसर होतात, ते चालते. पण ओढल्यावर वरची साल सुटून आत दोरा उरत असेल, तर ती मूळकूज आहे. अशी रोपे उपटून टाकावीत, हवा वाढवावी आणि नवे द्रावण घालणे काही दिवस थांबवावे. नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी आहे, किंवा सामू चढला आहे. आधी सामू तपासावा, कारण बहुतेक वेळा लोह पाण्यात असते, फक्त झाडाला मिळत नसते. जुनी पाने एकसारखी फिकट होत गेली तर नत्र कमी पडते आहे, आणि त्यावर उपाय म्हणून खालच्या टाकीत थेट पेंड टाकण्याचा मोह मात्र टाळावा.

तीन-चार आठवड्यांनी खालच्या टाकीतील निम्मे पाणी काढून बाहेरच्या कुंड्यांना द्यावे, म्हणजे साठलेला सोडियम बाहेर जातो. काढणी करताना द्रावण पानांवर उडू देऊ नये आणि भाजी वाहत्या पाण्यात धुऊनच खावी.

भाजी विकायची असेल तर वेष्टनावर ‘सेंद्रिय’ हा शब्द छापण्याआधी थांबावे. पाण्यातले पोषण सेंद्रिय असणे आणि माल सेंद्रिय म्हणून प्रमाणित असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. युरोपीय संघाच्या नियमांत सेंद्रिय पीक जिवंत मातीतच घेतलेले असावे लागते आणि हायड्रोपोनिक्सला मनाई आहे. अमेरिकेत मात्र काही हायड्रोपोनिक उत्पादकांना सेंद्रिय प्रमाणपत्र मिळते आणि त्यावरून तेथील माती-शेतकऱ्यांचा मोठा वाद आहे. आपल्याकडे प्रमाणन संस्थेला लेखी विचारूनच पुढे जावे, आणि तोवर ग्राहकाला आपण पेंडेच्या द्रावणावर भाजी वाढवतो, एवढे सरळ सांगावे.

पहिली काढणी झाल्यावर वाफा धुऊन लख्ख करण्याची गरज नाही. मुळांचे मोठे गुंते हाताने काढावेत, तळाचा काळा गाळ तेवढा उपसावा, आणि गोळ्यांवरचा पातळ तपकिरी थर तसाच ठेवून, पंप एक दिवसही बंद न करता, पुढची रोपे लावावीत.